स्नायू आखडतो कसा, आणि मुख्य म्हणजे सुटतो कसा?

हंगामी_मास्तर (धागाकर्ता)

राजेहो, आमच्या शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीची पोरं पहाटे पळायला येतात. छाती, दंड, मांडी यांची मापं सगळ्यांना तोंडपाठ. आत काय चाललंय हे मात्र कुणी विचारत नाही. 'पट्टकी, अपट्टकी, हृदयस्नायू' एवढं परीक्षेपुरतं लिहिलं की विषय संपतो. म्हणून हा धागा. मी विज्ञान शिकवतो, डॉक्टर नाही. उपचाराचं जे असेल ते इथल्या जाणत्यांनी सांगावं.

पहिली गोष्ट, स्नायू फक्त ओढतो. ढकलणं त्याला येतच नाही. चिखलात रुतलेली बंडी तुम्ही ढकलता तेव्हाही दंडाच्या मागचा स्नायू कोपराचं हाड ओढूनच हात सरळ करत असतो. म्हणून हाडांवरचे स्नायू जोडीनं काम करतात. दंडाच्या पुढचा कोपर दुमडतो, मागचा सरळ करतो, आणि एक आखडला की दुसऱ्याला सैल पडावं लागतं. असे हाडांना जोडलेले ६०० हून जास्त स्नायू आपल्या अंगात आहेत आणि वजनाचा साधारण ४० टक्के भाग त्यांचाच.

आता आत शिरू. मांडीचा कुठलाही स्नायू म्हणजे तंतूंच्या जुड्या. प्रत्येक जुडीला पातळ आवरण, जुडीतल्या प्रत्येक तंतूला त्याहून पातळ आवरण, आणि सगळ्या स्नायूला बाहेरून एक मोठं आवरण. ही सगळी आवरणं टोकाला एकत्र होतात, त्यांचीच कंडरा बनते आणि ती हाडाला धरते. यातला एक तंतू म्हणजे एकच पेशी. जाडी १० ते १०० मायक्रोमीटर, पण लांबी? कंबरेपासून गुडघ्याच्या आतल्या बाजूला तिरपा उतरणारा, मांडी घालून बसताना कामी येणारा जो स्नायू आहे, त्यात ही पेशी ३० सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकते. गर्भात अनेक छोट्या पेशी एकमेकींत मिसळून ती तयार होते, म्हणून तिच्यात केंद्रकंही अनेक असतात.

त्या पेशीत शेकड्यांनी, हजारांनी आणखी बारीक तंतुक असतात, आणि प्रत्येक तंतुकाचे सव्वादोन मायक्रोमीटरच्या आसपासचे तुकडे पडलेले असतात. या तुकड्याला सार्कोमिअर म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली उजळ-गडद पट्टे दिसतात ते याचेच. तुकड्यात दोन प्रकारची सूत्रं आहेत, जाड मायोसिनची आणि बारीक ॲक्टिनची. स्नायू आखडतो तेव्हा ही सूत्रं स्वतः आखूड होतात असं बराच काळ मानलं जायचं. १९५४ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या गटांचे लेख आले. एकात अँड्र्यू हक्सले, दुसऱ्यात ह्यू हक्सले. आडनाव एक, नातं काही नाही. दोघांचंही म्हणणं असं की सूत्रांची लांबी तेवढीच राहते, ती फक्त एकमेकांवरून सरकतात.

विहिरीतून बादली ओढताना आपण हातावर हात टाकत दोर घेतो. दोर आखूड होत नाही, सरकतो. मायोसिनची इवलीशी डोकी तेच करतात: ॲक्टिनला धरायचं, ओढायचं, सोडायचं, पुढं पुन्हा धरायचं. एका ओढीत सरकणं होतं ५ ते १० नॅनोमीटर. पण एका रांगेत असे हजारो तुकडे असतात, म्हणून हात डोक्यापर्यंत जातो.

आणि आता मला खरं बोलायचं आहे ते. ओढल्यावर डोकं ॲक्टिनपासून सुटतं कधी? एटीपीचा, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी जे रसायन खर्चते त्याचा, नवा रेणू येऊन बसला की. म्हणजे सुटण्यासाठी एटीपी. स्नायूला 'आखड' असा निरोप पेशीतल्या पिशव्यांमधून कॅल्शियम बाहेर आल्यामुळे मिळतो, आणि 'बस झालं' म्हणजे ते कॅल्शियम पुन्हा पिशव्यांत ओढून भरणं. त्या भरणीलाही एटीपी. आखडायला ताकद लागते हे कुणालाही पटतं. सैल पडायलाही पैसे मोजावे लागतात हे पटत नाही. माझ्या मते स्नायूच्या अर्ध्या भानगडी या दुसऱ्या खर्चाच्या आहेत.

पराटीवाला

मास्तर, एक नंबर. पण मले एक सांगा. पयल्या डवरणीच्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून येतात की उकिडवं बसणं होत नाही. भाचा जिमला जाते यवतमाळले, तो म्हणते लॅक्टिक ॲसिड जमा झालं. जमा झालं त त्याच दिवशी दुखाले पाह्यजे ना बाप्पा, तिसऱ्या दिवशी काऊन?

फिजिओताई_वर्धा

भाऊ, तुमची शंका भाच्यापेक्षा सरस आहे. लॅक्टेट (भाचा ज्याला लॅक्टिक ॲसिड म्हणतो ते) काम थांबल्यावर तासाभरात बहुतेक निघून जातं. तिसऱ्या दिवसापर्यंत ते थांबतच नाही.

तिसऱ्या दिवसाचं दुखणं वेगळं. स्नायू दोन तऱ्हेनं जोर लावतो. पोतं उचलताना तो जोर लावत आखूड होतो. पोतं ट्रकवरून हळूच खाली घेताना तो जोर लावतच असतो, पण लांब होत जातो. हा दुसरा प्रकार, ताणला जात असताना धरून ठेवणं, सार्कोमिअरना जास्त जाचक असतो. काही सार्कोमिअर गरजेपेक्षा जास्त ताणले जातात, आवरणांना बारीक इजा होते, मग तिथं सूज येते, आणि ही सगळी प्रक्रिया हळूहळू वर चढते. त्यामुळे दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त. चिखलदऱ्याच्या घाटात चढणारा दमतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरलेल्याच्या. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू शरीराचं वजन अडवत लांब होत असतो.

यात एक चांगली गोष्टही आहे. तेच काम आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा केलं तर दुखणं बरंच कमी होतं. स्नायू तेवढ्यात जुळवून घेतो. म्हणून डवरणी, सोंगणी, कापसाचे बोद उचलणं, जे काही वर्षातून एकदा येतं, त्याच्या आधी आठवडाभर थोडं थोडं तेच काम करून ठेवावं. पण हे कोण करतंय! हंगाम पावसाला विचारून येतो, आपल्याला नाही.

पराटीवाला

बरोबर ताई. अन् भाच्याले लिंक पाठवून रायलो.

भरती_२६

सर मी तुमच्याच मैदानावर येतो, ओळखू नका 🙏 गोळा चांगला जातो, १०० मीटरमध्ये पण पुढं असतो. १६०० मध्ये शेवटच्या राउंडला पाय उचलतच नाहीत. छाती ठीक असते, पाय जातात. प्रोटीन पावडर घेऊ का? मित्र घेते.

फिजिओताई_वर्धा

तुझ्या तिन्ही परीक्षा म्हणजे स्नायूच्या तीन वेगळ्या तिजोऱ्या आहेत, म्हणून एकाच सरावानं तिन्ही जमत नाहीत.

पूर्ण जोर लावला तर पेशीत तयार पडलेलं एटीपी दोन-तीन सेकंदांत संपतं. लगेच क्रिएटिन फॉस्फेट हा पेशीतला राखीव साठा मदतीला येतो, तोही साधारण दहा सेकंदांचा. ७.२६० किलोचा गोळा फेकणं एवढ्यात उरकतं. १०० मीटरचा शेवटचा टप्पा ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय मोडून निघतो, झटपट, पण खर्चिक. १६०० मीटरला पाच-सहा मिनिटं लागतात. तिथं बहुतेक ऊर्जा ऑक्सिजन वापरूनच तयार व्हावी लागते, म्हणजे रक्त, केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) यांच्यावर सगळा भार.

शिवाय तंतू दोन जातींचे. संथ तंतू लालसर, त्यात ऑक्सिजन धरून ठेवणारं मायोग्लोबिन भरपूर, लवकर दमत नाहीत. जलद तंतू फिके, झटकन जोर लावतात आणि तितक्याच झटकन गळतात. घरी गावरान कोंबडी झाली तर बघ, तंगडी गडद आणि छाती पांढरट. ती दिवसभर पायांवर फिरते, पंख फडफडवते ते कुत्रं मागे लागलं तेव्हा. माणसात दोन्ही जाती मिसळलेल्या असतात, प्रमाण माणसागणिक वेगळं. पोटरीत आतल्या बाजूला जो चपटा स्नायू आहे त्यात संथ तंतू फार, कारण उभं राहायचं काम त्याचं.

तुझ्यात जलद तंतूंचं पारडं थोडं जड असेल. त्यात वाईट काही नाही. पण पहिले ४०० मीटर तू मित्रांच्या नादानं जोरात काढत असशील तर तिजोरी तिथंच रिकामी होते. पहिली फेरी मुद्दाम सावकाश. आठवड्यातून काही दिवस बोलता येईल एवढ्या संथ गतीनं लांब पळ, मायटोकाँड्रिया त्यानं वाढतात. १६०० ला २० गुण आहेत, बाकी दोन्हींना १५-१५, तेव्हा मेहनत कुठं घालायची ते तूच ठरव.

पावडरचं: पूर्ण वाढलेल्या माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० चं प्रमाण आहे. कसून सराव करणाऱ्याला त्याहून थोडी जास्त. ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण एकत्र खाल्लं की एकात कमी असलेलं अमिनो आम्ल दुसऱ्यातून मिळतं. सोबत अंडी, शेंगदाणे, फुटाणे, ताक. यानं भागतं. बिनबिलाच्या डब्यात काय आहे ते कुणालाच माहीत नसतं.

आणि एक. व्यायामानं तंतूंची संख्या फारशी वाढत नाही, आहेत तेच जाड होतात. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढलेली वाटते ती तर मुख्यतः मज्जासंस्थेची कमाई, ती एकावेळी जास्त तंतू कामाला लावायला शिकते. आरशात लवकर दिसलं नाही म्हणून डबा विकत घेऊ नको.

तालीम_अमरावती

ताईंचं सगळं पटलं. माझी भर एवढीच की हालचाल न करताही स्नायू राबतो. आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं (स्थापना १९१४) १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती, हे पोरांना माहीतच नसतं. मल्लखांबावर पकड धरून स्थिर राहिलेला माणूस पाहणाऱ्याला निवांत वाटतो. आत मायोसिनचं धरणं-सोडणं सुरूच असतं, एटीपी जळत असतं, आणि दाबून धरलेल्या स्नायूतून रक्तही नीट वाहत नाही. म्हणून हलत्या कामापेक्षा धरून ठेवण्यात माणूस लवकर थरथरायला लागतो.

झाडीपट्टीवाला

ह्याच्यावरून आठवलं जी. आमच्याकडं रोवना (धानाची लावणी) सुरू झाला की बाया दिवसभर बांधीत वाकून राहतात. हात चालतात, कंबर जागेवर. संध्याकाळी सरळ होता होता जीव जाते. ते हेच ना?

फिजिओताई_वर्धा

हेच. पाठीचे उभे स्नायू तासन्‌तास वरच्या अंगाचं वजन धरून असतात. दर अर्ध्या तासानं दोन मिनिटं सरळ उभं राहून मागे झुकलं तर फरक पडतो. मुकादम ओरडला तर माझं नाव सांगा.

बुढाकाका

मास्तर तुमचं ते 'सोडायला एटीपी लागते' वाचून एक विचारतो. मयत झाली की आमची म्हातारी मानसं घाई करत. डोळे मिटा, जबडा बांधा, हातपाय सरळ करा, नाहीतर मग होत नाही. हे त्याच्यामुळंच का?

हंगामी_मास्तर (धागाकर्ता)

काका, अगदी त्याच्यामुळं. श्वास थांबला की नवं एटीपी तयार होणं थांबतं. पेशीतल्या पिशव्यांमधून कॅल्शियम झिरपतं, मायोसिन ॲक्टिनला धरतं, आणि सोडवायला एटीपी उरलेलं नसतं. धरलेलं तसंच राहतं. पापण्या, जबडा, मान इथं दोन-चार तासांत कळायला लागतं, बारा तासांच्या आसपास सगळं शरीर ताठ होतं. पुढं एक-दोन दिवसांत ताठरपणा जातो, पण तो स्नायू 'सैल' पडला म्हणून नाही, प्रथिनंच विघटित होऊ लागली म्हणून. आपल्या मे महिन्यात हे सगळं लवकर सुरू होतं आणि लवकर ओसरतं. म्हाताऱ्या माणसांनी जबड्यापासून सुरुवात करायला सांगणं हे नुसतं रिवाजाचं नव्हतं, क्रम बरोबर होता.

सिस्टर_पीएचसी

ड्यूटीमुळं उशिरा वाचतेय. सगळे हाडांवरच्या स्नायूंतच अडकलात, म्हणून आमच्या लेबर रूममधलं सांगते.

गर्भाशय हा जवळजवळ सगळा स्नायूच. अपट्टकी, म्हणजे त्यात ते सार्कोमिअरचे पट्टे नाहीत. पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या, एकेका केंद्रकाच्या. ॲक्टिन-मायोसिन आहेत, पण तिरपे-आडवे पसरलेले. आपल्या मर्जीनं चालत नाही. आतडी, रक्तवाहिन्या, मूत्राशय, श्वासनलिका यांच्या भिंतीत हाच. सावकाश आखडतो आणि थोड्याशा ऊर्जेत बराच वेळ आखडलेला राहू शकतो. एरवी ५०-७० ग्रॅमचं गर्भाशय नऊ महिन्यांत किलोभराचं होतं, मुख्यतः पेशी मोठ्या होऊन.

बाळ बाहेर आल्यावर या स्नायूचं सगळ्यात मोठं काम सुरू होतं. मधल्या थरात तंतू आडवे-तिडवे विणलेले, त्यांच्यामधून रक्तवाहिन्या. स्नायू घट्ट आखडला की वाहिन्या दाबल्या जातात आणि वारेच्या जागचा रक्तस्राव थांबतो. नाही आखडला तर बाई काही मिनिटांत धोक्यात. म्हणूनच बाळ होताच ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतो, आणि बाळाला लगेच छातीला लावायला सांगतो, त्यानंही आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं. 'आताच कशाला, दूध कुठं आलंय' असं सासू म्हणते तेव्हा हे सगळं सांगायला वेळ नसतो. इथं लिहून टाकलं.

दम्याचा पंप म्हणजे याच्या उलट. श्वासनलिकेचा हाच स्नायू आवळला जातो, सालब्युटामॉल तो सैल पाडतं.

शंकाखोर

ताई, मास्तर, छान चाललंय. एक बाळबोध प्रश्न. पाऊण तास कुदळ मारली की दंड जातो. हृदय जन्मापासून चालू आहे, ते काऊन दमत नाही?

हंगामी_मास्तर (धागाकर्ता)

बाळबोध अजिबात नाही.

हृदयाच्या पेशीही पट्टेवाल्या, पण आखूड, फाटे फुटलेल्या आणि टोकाला एकमेकींना घट्ट जोडलेल्या. जोडावर बारीक वाटा असतात, त्यातून विजेचा निरोप एका पेशीतून दुसरीत जातो, म्हणून अख्खी भिंत एका लयीत आखडते. निरोप बाहेरून यावा लागत नाही, हृदयातच तो तयार करणाऱ्या पेशी आहेत. मायटोकाँड्रिया तर पेशीचा जवळपास तिसरा हिस्सा व्यापतात. दिवसाला सुमारे एक लाख ठोके त्याच्या जोरावर.

पण माझं आवडतं उत्तर वेगळं आहे. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एक ठोका ०.८ सेकंदाचा. त्यातले साधारण ०.३ सेकंद कप्पे आखडतात आणि ०.५ सेकंद सैल असतात. म्हणजे ते कामापेक्षा जास्त वेळ विसाव्यात असतं. आणि हृदयाच्या डाव्या भिंतीला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः त्या सैल काळातच, कारण आखडलेली असताना ती स्वतःच्याच वाहिन्या दाबून धरते. एकदा आखडल्यावर थोडा वेळ दुसरा निरोप घेतच नाही, त्यामुळे त्याला हातापायाच्या स्नायूसारखा गोळा येऊ शकत नाही. आला असता तर विचारायला आपण उरलो नसतो.

पराटीवाला

गोळ्याचं निघालंच त. उन्हाळ्यात वखरणी करून आलो की रात्री पोटरीले असा गोळा येते की खाटेवरून उठून नाचा लागते.

फिजिओताई_वर्धा

पायाची बोटं स्वतःकडे ओढा, गुडघा सरळ ठेवून. पोटरी ताणली की कंडरेतली ताण मोजणारी संवेदकं मज्जारज्जूला कळवतात आणि तिथून स्नायूला थांबायचा निरोप येतो. सहसा काही सेकंदांत सुटतो. गोळ्याचं कारण एकच नसतं. थकलेल्या स्नायूकडं जाणारे निरोप बिघडतात हे एक, घामातून मीठ जातं हे दुसरं. दिवसभर उन्हात असाल तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस घ्या.

उन्हात खूप राबल्यावर लघवी लालसर-तपकिरी झाली, अंग जबर दुखतंय, तर घरी थांबू नका. स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन रक्तात आलेलं असू शकतं आणि ते मूत्रपिंडं निकामी करतं.

बुढाकाका

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलाचे खांदे शेकतो, हळद-तूप लावतो. ते तरी कामाचं हाय का नुसतीच रीत?

फिजिओताई_वर्धा

शेकानं वाहिन्यांच्या भिंतीतला तो अपट्टकी स्नायू सैल पडतो, रक्त वाढतं, दुखणं कमी वाटतं. बैलालाही तेच. पण वर्षातून एकदाच शेकलं तर बैल काय म्हणत असेल!

सिस्टर_पीएचसी

आता फवारणीचं लिहिते, कारण मास्तरांचं 'सोडणं' मला तिथं रोज दिसतं.

मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामध्ये बारीक फट असते. तिथं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, स्नायूवर जाऊन बसतं, स्नायू आखडतो. काम झालं की फटीतलंच एक एन्झाइम ते लगेच तोडतं, म्हणून स्नायू पुढच्या निरोपासाठी मोकळा होतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतात. निरोप पुसलाच जात नाही. आधी पापणी, पोटरी, दंड इथं त्वचेखाली स्नायू आपोआप फडफडतात. मग सतत निरोप ऐकून ऐकून स्नायू उत्तरच देईनासा होतो, अशक्त पडतो. छाती-पोटामधला श्वासपटल हाही स्नायूच. सोबत लाळ, घाम, उलटी, बाहुल्या बारीक होणं.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा सगळी औषधं एकाच गटातली नव्हती, मिश्रणंही होती. पण त्यानंतरही आमच्याकडं येणाऱ्यांचं बोलणं तेच: 'थोडं गरगरलं, पाणी मारलं तोंडावर, अन् उरलेला पंप मारून आलो.'

दवाखान्यात ॲट्रोपीन देतात. त्यानं लाळ आटते, छाती मोकळी होते, नातेवाइकांना वाटतं सुधारला, घरी न्यावा. स्नायूंच्या अशक्तपणावर ॲट्रोपीन चालत नाही. एक ते चार दिवसांत पुन्हा घात होऊ शकतो आणि त्याची पहिली खूण साधी आहे: पडलेल्या माणसाला उशीवरून मान उचलता येत नाही. असं दिसलं की लगेच कळवा, पुढचा नंबर श्वासाचा असतो. म्हणून डॉक्टर सोडत नाहीत तोवर 'बरं वाटते' म्हणून माणूस उठवून नेऊ नका.

झाडीपट्टीवाला

सिस्टर, मण्यारीचं बी असंच का? आमच्याकडं रात्री खाली झोपलेल्याला चावते, दुखत बी नाही, सकाळी डोळे उघडत नाहीत.

सिस्टर_पीएचसी

फट तीच, बिघाड उलटा. मण्यारीचं विष मज्जातंतूचं टोकच निकामी करतं, ॲसिटिलकोलीन सुटतच नाही. नागाचं विष स्नायूवरची जागा अडवतं, रसायन येऊनही बसायला जागा नाही. दोन्हीत आधी पापण्या जड, गिळता येत नाही, मग श्वास. नागाच्या विषात निओस्टिग्मिन, म्हणजे फटीतलं ॲसिटिलकोलीन जास्त वेळ टिकवणारं औषध, उपयोगी पडतं. मण्यारीत टोकं एकदा खराब झाली की प्रतिविषानंही ती परत येत नाहीत, ती पुन्हा उगवेपर्यंत माणसाला यंत्रानं श्वास द्यावा लागतो. म्हणून उशीर नको. चावलेला हात-पाय हलवू नका, कारण स्नायू हलले की तेच लसिकेतून विष पुढं ढकलतात. चालत आणू नका, आवळून बांधू नका, कापू नका.

झाडीपट्टीवाला

अन् लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ? धानाच्या बांधीत आम्ही आताबी पेरतो, वडे बी खातो. म्हातारे सांगत की दुष्काळात लाखोरीच खाऊन मानसाचे पाय गेले.

हंगामी_मास्तर (धागाकर्ता)

तिथं स्नायू आणि फट दोन्ही ठीक असतात. लाखोरीतलं ओडीएपी नावाचं रसायन मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणाऱ्या चेतापेशींना इजा करतं. या पेशींचं एक काम म्हणजे स्नायूंना आवर घालणं. आवर सुटला की पाय ताठतात, गुडघे एकमेकांवर घासत, टाचा उचलून चालावं लागतं. हे होतं महिनोन्‌महिने जेवणात मुख्यतः लाखोरीच असेल तेव्हा, म्हणजे दुष्काळात. मिश्र आहारात अधूनमधून वडे खाणाऱ्याची गोष्ट वेगळी. डाळ भिजवून, उकळून ते पाणी फेकलं तर ओडीएपी बरंच कमी होतं.

भरती_२६

सर पहिली फेरी सावकाश काढली आज. शेवटी दोघांना मागं टाकलं. पावडर कॅन्सल.

हंगामी_मास्तर (धागाकर्ता)

शाब्बास. सिस्टर, एक परवानगी हवी. तुमचा फवारणीचा प्रतिसाद मोठ्या अक्षरांत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि कृषी केंद्राच्या दारावर लावू का? नाव टाकत नाही.

सिस्टर_पीएचसी

लावा. रसायनांची नावं राहू द्या, एन्झाइमचं वाक्य काढा, कुणी वाचणार नाही. त्याऐवजी हे टाका: गरगरलं की पंप खाली, कपडे काढा, साबणानं अंघोळ, उलटी काढायची नाही, आणि औषधाची बाटली लेबलासकट सोबत आणा. बाटली आणली तर आमचा अर्धा तास वाचतो.